बकरीसाठी डॉक्टर कधी बोलवायचा?

 

आज आपल्या बकऱ्यांबद्दल बोलू. बकरी विकत कशी घ्यायची, कर्ज कसं मिळतं, बोकड कधी विकायचा, यावर गटाच्या बैठकीत आपण तासन्‌तास बोलतो. पण बकरी आजारी पडली की डॉक्टर नेमका कधी बोलवायचा, हे कोणी सांगत नाही. बहुतेक वेळा आपण उद्या बघू म्हणतो. मीही तेच म्हटलं होतं.

गटात नवीन आले तेव्हा मी गटातून १२ हजारांचं कर्ज घेऊन दोन बकऱ्या घेतल्या होत्या. त्यातली काळी बकरी गाभण होती, पाचवा महिना लागला होता. एके दिवशी संध्याकाळी तिने ढेपीच्या टोपल्यात तोंड घातलं आणि तसंच बाहेर काढलं. सासूबाई म्हणाल्या, "जड झाली आहे, खाईल सकाळी." मलाही पटलं. दुसऱ्या दिवशी चरायला गेली, पण सगळ्यांच्या मागे मागे. घरात पाहुणे होते, मी लक्ष दिलं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी ती बसली ती उठलीच नाही. मान एका बाजूला वळवून नुसती बघत होती. तेव्हा मी धावत जाऊन फोन केला. डॉक्टर आले, सलाईन लावलं, पण दुपारी ती गेली. डॉक्टर एवढंच म्हणाले, "ताई, परवा कळवायला हवं होतं." पोटात दोन पिल्लं होती. बकरी गेली, पिल्लं गेली आणि कर्जाचे सात हप्ते तेवढे राहिले.

तो आजार काय होता हे पुढे सांगते. आधी एक गोष्ट समजून घेऊ, म्हणजे बाकीचं आपोआप लक्षात राहील.

बकरी दुखणं लपवते

बकरी हे शिकार होणारं जनावर आहे. रानात जी बकरी लंगडते, मागे राहते, कण्हते, तिलाच लांडगा आधी धरतो. म्हणून हजारो वर्षांपासून तिच्या अंगात एक सवय मुरली आहे: दुखलं तरी दाखवायचं नाही, कळपासोबत चालत राहायचं. ससा, कोंबडी, उंदीर हीसुद्धा अशीच. आपल्याला बकरी स्पष्ट आजारी दिसते, तेव्हा ती आज आजारी पडलेली नसते. तिची लपवण्याची ताकद आज संपलेली असते.

म्हणून "अजून उभी आहे ना, मग ठीक आहे" हा हिशेब चुकीचा आहे. बकरी बसेपर्यंत थांबलो तर बराच उशीर झालेला असतो. आपल्याला तिच्या वागण्यातला छोटा बदल पकडायचा आहे. आणि बदल ओळखायचा तर ती बरी असताना कशी असते हे आधी माहीत हवं.

रोज पाच मिनिटं, सकाळ-संध्याकाळ

बकऱ्या सोडताना आणि परत बांधताना पाच मिनिटं फक्त बघा. हातात काही काम घेऊ नका.

खाणं बघा. टोपलं ठेवल्यावर सगळ्या झेपावतात. जी मागे उभी राहते किंवा वास घेऊन तोंड फिरवते, तिच्याकडे लक्ष ठेवा.

रवंथ बघा. पोट भरून बसलेली बकरी रवंथ करते. रवंथ बंद म्हणजे पोटाचं काम बंद. डाव्या कुशीवर, शेवटच्या बरगडीमागे तळहात दाबून धरा. आतून काहीतरी सरकल्यासारखं लागतं. चांगल्या बकरीत मिनिटाला एक-दोनदा तरी ते जाणवतं.

लेंड्या बघा. गोल, सुट्या, ओलसर चमक असलेल्या हव्यात. चिकटून गोळा झाला, शेण पडल्यासारखं झालं, शेपटी भरली, तर काहीतरी बिघडलं आहे.

डोळा बघा. अंगठ्याने खालची पापणी हलकेच खाली ओढा. आतला भाग लालसर-गुलाबी असला तर रक्त चांगलं आहे. फिकट झाला तर पोटातल्या जंतांनी रक्त प्यायला सुरुवात केली आहे. कागदासारखा पांढरा झाला तर धोका. दक्षिण आफ्रिकेतल्या पशुवैद्यांनी या पापणीच्या रंगाचा एक तक्ताच तयार केला आहे आणि जगभर तो वापरतात. आपल्याला तक्ता नसला तरी चालेल, आपल्याच कळपातल्या सगळ्यांत चांगल्या बकरीच्या पापणीशी ताडून पाहा.

श्वास बघा. शांत बसलेली बकरी मिनिटाला साधारण १५ ते ३० श्वास घेते. उन्हात जास्त घेते, म्हणून सावलीत मोजा.

आणि ताप. गटात एक थर्मामीटर घेऊन ठेवा, फार महाग नसतो. त्यावर खूण करा, तो माणसांना वापरायचा नाही. टोकाला थोडं तेल लावून गुदद्वारात एक-दोन मिनिटं धरा, हातातून सोडू नका. बकरीचं अंग आपल्यापेक्षा गरम असतं. साधारण १०२ ते १०३.५ अंश म्हणजे बरी. आपल्याला हाताला गरम लागलं म्हणून ताप आहे असं नाही, आणि गार लागलं म्हणून बरी आहे असंही नाही.

कधी एक तासही थांबायचं नाही

आता मुख्य गोष्ट. मी तीन भाग करून सांगते. पहिला भाग, लगेच फोन करायचा. रात्र असली तरी कोणाला तरी विचारायचंच.

एक, पोट फुगणं. डावी कूस ढोलकीसारखी ताठ, बकरी पाय आपटते, दात खाते, धाप लागते. ओला कोवळा चारा भरपूर खाल्ला की असं होतं. गव्हाचं किंवा सोयाबीनचं पोतं फोडून खाल्लं, किंवा लग्नातला उरलेला भात-पोळ्या घातल्या की पोटात आम्ल तयार होतं, तेही तितकंच घातक. अशा बकरीला आडवी पडू देऊ नका. पुढचे पाय थोडे उंचावर येतील अशी उभी करा आणि फोन लावा.

दोन, विषबाधा. आपल्याकडे पऱ्हाटीवर फवारणी सुरू झाली की धुऱ्यावरच्या गवतावरही औषध उडतं. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर दगावले, ते आपल्याला आठवतं. जे विष धट्ट्याकट्ट्या माणसाला झेपत नाही ते २५-३० किलोच्या बकरीला काय झेपणार? तोंडातून लाळ गळणं, थरथर, पातळ हगवण, डोळ्यातली बाहुली बारीक होणं ही खूण दिसली की फवारणीचं औषध पोटात गेलं समजा. औषधाचा डबा किंवा त्याचा फोटो डॉक्टरांना दाखवा. दुसरं विष कोवळ्या ज्वारीचं. पावसाने ताण दिलेली, खुरटलेली किंवा कापणीनंतर फुटलेली कोवळी ज्वारी खाल्ली की काही मिनिटांत बकरी धापा टाकत पडते. यावर इंजेक्शन आहे, पण ते वेळेत मिळालं तरच.

तीन, व्यायला अडणं. बकरी सुमारे १५० दिवसांनी व्यायते. जोराच्या कळा सुरू होऊन अर्धा-पाऊण तास झाला आणि पिल्लू पुढे सरकत नाही, किंवा एकच पाय बाहेर आला, तर ओढाओढ करू नका. फोन करा.

चार, बोकडाची लघवी अडणं. ही खूण बऱ्याच जणी चुकतात. खच्ची केलेला, दाणा जास्त खाणारा बोकड पुन्हा पुन्हा वाकतो, शेपटी हलवतो, कण्हतो. आपल्याला वाटतं लेंडी अडली, आपण तेल पाजतो. खरं म्हणजे मूत्रमार्गात खडा अडकलेला असतो. खाली बघा, लघवीचे थेंब पडतात का? पडत नसतील तर मूत्राशय फुटण्याआधी डॉक्टर हवा.

पाच, बसलेली उठत नाही, मान वाकडी होते, झटके येतात, गोल गोल फिरते, किंवा कुत्र्याने चावा घेतला आहे. चाव्याची जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवा, पण हातात पिशवी किंवा मोजे घालून.

कधी आजच, संध्याकाळच्या आत

दुसरा भाग. जीव लगेच जात नाही, पण उद्यावर टाकायचं नाही.

एक पूर्ण वेळ काहीच खाल्लं नाही आणि रवंथही नाही. ताप १०४.५ च्या वर, किंवा अंग १०० च्या खाली गार. शेपटी भरवणारी पातळ हगवण, विशेषतः रक्त किंवा शेंबूड पडत असेल तर. लहान पिल्लाला हगवण लागली तर दुपारपर्यंतही थांबू नका, त्याच्या अंगातलं पाणी फार लवकर संपतं.

पापणी पांढरी आणि जबड्याखाली मऊ सूज. ही जंतांची खूण आहे. आपल्याकडे पावसाळ्यात आणि त्यानंतर हे जास्त दिसतं, कारण जंतांची पिल्लं ओल्या गवताच्या टोकावर चढून बसतात. म्हणून दव वाळल्यावरच चरायला सोडा. पण सूज आली की नुसतं जंताचं औषध पुरत नाही, डॉक्टरांनी बघायला हवं.

कास गरम, कडक, दुधात गुठळ्या किंवा रक्त. याला आपण दगडी म्हणतो. उशीर झाला तर ती बाजू कायमची आटू शकते.

व्यायल्यानंतर १२ तास झाले तरी जार पडला नाही. जार हाताने ओढू नका, त्याला दगड बांधू नका.

बकरी गाभडली, म्हणजे महिने भरण्याआधी टाकली. पडलेल्या गर्भाला किंवा जाराला उघड्या हाताने शिवू नका. काही आजार त्यातून आपल्यालाही होतात. घरात गरोदर सून-मुलगी असेल तर तिला तिकडे फिरकू देऊ नका.

डोळ्यातून-नाकातून घट्ट पाणी, तोंडात फोड, भरपूर ताप आणि वास मारणारी हगवण. हा पीपीआर असू शकतो. ती बकरी लगेच वेगळी बांधा, बाजारात नेऊ नका. आजारी बकरी गुपचूप विकली की आपला तोटा दुसऱ्या गावातल्या बाईच्या गोठ्यात जातो आणि तिथून फिरून आपल्याच गावात येतो.

आणि आता माझी काळी बकरी. गाभणपणाच्या शेवटच्या महिना-दीड महिन्यात पोटातली पिल्लं भराभर वाढतात. दोन-तीन पिल्लं असली की पोटात चाऱ्याला जागाच उरत नाही. बकरी पुरेसं खाऊ शकत नाही, मग शरीर स्वतःची चरबी जाळायला लागतं. त्यातून तयार होणारी द्रव्यं रक्तात साचतात आणि तिची भूक आणखी मरते. तोंडाला गोडसर वास येतो, ती सुस्त होते, मागे राहते, मग बसते. पहिल्या दिवशी इलाज झाला तर बऱ्याच वाचतात, तिसऱ्या दिवशी फार थोड्या. म्हणून पाचव्या महिन्यातल्या बकरीने एक वेळ ढेप सोडली तर "जड झाली असेल" म्हणायचं नाही. त्याच दिवशी फोन करायचा. आणि हे होऊच नये म्हणून शेवटच्या दीड महिन्यात दाणा रोज थोडा थोडा वाढवायचा.

कधी उद्या सकाळपर्यंत बघायचं

तिसरा भाग. बकरी खाते आहे, रवंथ करते आहे, चालते आहे, पण थोडी शिंकते, लेंडी जरा मऊ आहे, खुरात काटा गेल्यासारखी हलकी लंगडते. अशी बकरी वेगळी बांधा, कोरडी जागा, कोरडा चारा, स्वच्छ पाणी द्या, खूर उचलून बघा. सकाळी सुधारली तर ठीक. तशीच असली किंवा एकही नवीन खूण वाढली, तर ती आता दुसऱ्या भागात गेली.

काय करायचं नाही

मान वर करून नळीने किंवा बाटलीने घाईघाईत काही पाजू नका. औषध फुप्फुसात जातं आणि बकरी त्यानेच मरते. पाजायचंच असेल तर मान सरळ ठेवून, गालाच्या बाजूने, घोटाघोटाने. बसलेल्या, गिळता न येणाऱ्या बकरीला काहीच पाजू नका.

माणसांच्या गोळ्या देऊ नका. डायक्लोफेनॅक हे दुखण्यावरचं औषध जनावरांना द्यायला आपल्या देशात २००६ पासून बंदी आहे. ते दिलेलं जनावर मेलं आणि गिधाडांनी खाल्लं की गिधाडं मरत होती. आपल्या आकाशातली गिधाडं दिसेनाशी झाली ती यामुळेच.

मागच्या वेळचं उरलेलं इंजेक्शन टोचून घेऊ नका. आणि डॉक्टरांनी औषध दिल्यावर दूध आणि मटण किती दिवस वापरायचं नाही, ते विचारून घ्या.

बकरी अचानक मेली आणि नाका-तोंडातून काळपट रक्त आलं, तर तिला कापू नका, खाऊ नका, कातडं काढू नका. तो काळपुळीचा आजार असू शकतो आणि तो माणसालाही होतो. आधी डॉक्टरांना कळवा.

फोन कोणाला, आणि काय सांगायचं

गावातल्या पशुसखीला आधी सांगा. ती आपल्यातलीच आहे, 'उमेद'मधून शिकलेली आहे. ती प्रथमोपचार करेल, ताप बघेल, डॉक्टरांशी नीट बोलेल. आपल्या भागाच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्याचा नंबर गोठ्याच्या भिंतीवर कोळशाने मोठा लिहून ठेवा. १९६२ हा फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा नंबर आहे, त्याला पैसे लागत नाहीत. शस्त्रक्रियेसारखं मोठं काम निघालं तर नागपूरला सेमिनरी हिल्सवर पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. १९५८ पासूनचं आहे आणि आपल्यापासून दीड-दोन तासांच्या आत आहे.

फोनवर "बकरी बरी नाही" एवढंच सांगितलं तर डॉक्टरांना काही कळत नाही. असं सांगा: वय किती, गाभण आहे का, कितवा महिना, शेवटचं कधी खाल्लं, रवंथ आहे का, लेंडी कशी, लघवी होते का, ताप किती, काल कुठे चरली, आणखी कोणती बकरी आजारी आहे का. एवढं सांगितलं तर डॉक्टर योग्य औषध घेऊन निघतात.

गटाने मिळून

शेवटी गटासाठी तीन कामं. पहिलं, लसीकरणाची तारीख बैठकीच्या वहीत लिहा. आंत्रविषाराची लस दरवर्षी पावसाळ्याआधी, पीपीआरची डॉक्टर सांगतील तेव्हा. लसीवर विश्वास ठेवा. गाई-बैलांची बुळकांडी एकेकाळी गोठेच्या गोठे रिकामे करायची. लसीकरणामुळे ती २०११ साली अख्ख्या जगातून संपली. पीपीआर हा त्याच जातीचा आजार आहे आणि तो २०३० पर्यंत संपवायचं जगाने ठरवलं आहे. त्यात आपल्या दहा बकऱ्यासुद्धा मोजल्या जातात.

दुसरं, दर महिन्याच्या हप्त्यासोबत प्रत्येकीने दहा-वीस रुपये बकरी-निधी म्हणून वेगळे काढा. रात्री डॉक्टरांच्या गाडीला, औषधाला पैसे नाहीत म्हणून कोणी सकाळची वाट बघू नये. आमच्या गटात माझी बकरी गेल्यानंतर हा निधी सुरू झाला.

तिसरं, विमा काढला असेल तर कानातला बिल्ला जपा. बकरी मेली तर पुरण्याआधी विमावाल्यांना आणि डॉक्टरांना कळवा.

गेल्या पावसाळ्यात आमच्या गटातल्या एका ताईचा रात्री साडेआठला फोन आला. म्हणाली, "बकरीने ढेप सोडली, पाचवा महिना आहे, रवंथ नाही, ताप १०१." मी काही विचारायच्या आत तिने सगळं सांगितलं. पशुसखी गेली, डॉक्टर त्याच रात्री आले. चार दिवस इलाज चालला. आज त्या बकरीची दोन पिल्लं तिच्या अंगणात उड्या मारतात आणि तिने हप्ता एकदाही चुकवला नाही.

तर आज संध्याकाळी बकऱ्या परत आल्या की पाच मिनिटं उभं राहून बघा. कोण मागे राहिली, कोणी टोपल्यात तोंड घालून काढून घेतलं. एखादी तशी दिसली तर उद्या म्हणू नका.

नमस्कार.